आईच्या खोलीतली हवा: ह्युमिडिफायर आणि आर्द्रतामापक, सहा महिन्यांनंतर

ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) आणि आर्द्रतामापक, या दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर आधी आर्द्रतामापक घ्या. मी उलटं केलं. आईला दमा आहे, आणि आदल्या वर्षी फ्लूने तिला तीन आठवडे अंथरुणाला खिळवलं होतं. कोरड्या हवेत फ्लूचा विषाणू जास्त टिकतो एवढं वाचलं होतं, म्हणून थंडी सुरू होताच अल्ट्रासॉनिक, म्हणजे कंपनांनी पाण्याचे बारीक तुषार उडवणारा, ह्युमिडिफायर आणून तिच्या खोलीत ठेवला. खोली मुळात किती कोरडी आहे हे पाहिलंच नव्हतं. दहा दिवस अंदाजानेच बटण फिरवत राहिलो. मग एका सकाळी खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ उतरताना दिसले, आणि त्याच दिवशी मापक मागवला.

मापक आल्यावर आधी त्याची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतपतच पाणी घालायचं, आणि ते झाकण मापकासोबत हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवायचं. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर येऊन थांबते. माझ्या मापकाने 69 दाखवले. तेव्हापासून आकड्यात सहा मिळवूनच वाचतो.

हीटर चालू असलेल्या रात्री आईच्या खोलीत 24 टक्के निघाले. हीटर हवेतलं पाणी जाळतो असा माझा समज होता, तो चुकीचा. पाणी असतं तेवढंच राहतं. मापकावरची टक्केवारी म्हणजे हवा जेवढं बाष्प धरू शकते त्यातला किती वाटा भरलाय, ते. 20 अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे 17 ग्रॅम बाष्प धरू शकते, शून्य अंशाची जेमतेम 5 ग्रॅम. बाहेरची थंड हवा आत येऊन तापली की तिची धारणाशक्ती वाढते, बाष्प मात्र तेवढंच राहतं, आणि टक्केवारी घसरते. बाहेर शून्य अंशाला 80 टक्के असले तरी आत 20 अंशांना ते 22च्या आसपास येतात. म्हणूनच 2009 मध्ये शमन आणि कोन या संशोधकांनी टक्केवारीऐवजी हवेतल्या प्रत्यक्ष बाष्पाशी फ्लूचं नातं तपासलं, तेव्हा ते जास्त स्पष्ट दिसलं.

हे 24 टक्के मला का खुपले, ते सांगतो. 2007 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लोवेन, पालेझे आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगवर प्रयोग केले. 20 अंशांना, 20 आणि 35 टक्के आर्द्रतेत फ्लू एका पिंजऱ्यातून शेजारच्या पिंजऱ्यात सहज गेला; 80 टक्क्यांना गेलाच नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एका खोलीत फ्लूचा विषाणू खोकून सोडणारा आणि श्वास घेणारा असे दोन पुतळे ठेवले. 23 टक्के किंवा कमी आर्द्रतेत तासाभरानंतरही 70 ते 77 टक्के विषाणू संसर्ग करण्याजोगे राहिले. 43 टक्क्यांच्या वर ते प्रमाण 15 ते 22 टक्क्यांवर आलं, आणि बहुतेक घट पहिल्या पंधरा मिनिटांतच झाली. हे वाचल्यापासून माझी रेघ 40 ते 50.

पण हा आकडा कवच समजू नका. 2018 मध्ये काही संशोधकांनी विषाणूला माणसाच्या श्वासनलिकेतल्या स्रावात मिसळून हवेत सोडलं, तेव्हा तो सगळ्याच आर्द्रतांत तासभर तग धरून राहिला. खोकल्याच्या थेंबात नुसतं पाणी नसतं. थेंब सुकताना त्यातले क्षार दाट होतात, आम्लता बदलते, आणि श्लेष्मा विषाणूला पांघरूण घालतो. यातलं कोण वरचढ ठरेल, त्यावर विषाणूचं भवितव्य ठरतं.

कोरड्या हवेचा दुसरा परिणाम मात्र मला आईमध्ये रोज दिसायचा. नाक आणि श्वासनलिकेतले सूक्ष्म केस श्लेष्मा वर ढकलून जंतू बाहेर काढतात. 2019 मध्ये इवासाकी या संशोधिकेच्या गटाने उंदरांवर दाखवलं की 20 टक्के आर्द्रतेत ही सफाई मंदावते आणि फ्लू जास्त त्रास देतो. आर्द्रता 45 वर राहू लागली तशी आईची पहाटेची घशाची खवखव आणि नाकातली खपली चार-पाच दिवसांत गेली. एवढं श्रेय मी यंत्राला बिनधास्त देतो.

फ्लूचं श्रेय देत नाही. जानेवारीत मलाच फ्लू झाला, आईला नाही. पण तिने लस घेतली होती, मी वेगळ्या खोलीत होतो, तिच्यासमोर जाताना मास्क लावत होतो आणि दिवसातून चार वेळा खिडक्या उघडत होतो. खिडकी उघडली की आर्द्रता 33 वर घसरायची. तरी मी उघडतच राहिलो, कारण विषाणू हवेत कमकुवत होण्याची वाट पाहण्यापेक्षा ती हवाच बाहेर घालवणं मला जास्त खात्रीचं वाटतं.

यंत्राचा खरा जाच साफसफाईचा. नळाचं पाणी घातलं तर आठवड्यात टेबलावर, पुस्तकांवर पांढरी भुकटी बसते. ते पाण्यातले क्षार. दमेकऱ्याच्या श्वासात ते जाऊ नयेत म्हणून मी डिस्टिल्ड वॉटरवर आलो. दोन दिवस टाकी तशीच राहिली तर तळाला बोटाला लागेल असा बुळबुळीत थर धरतो, आणि मग तेच हवेत उडतं. म्हणून रोज पाणी ओतून टाकायचं आणि तिसऱ्या दिवशी व्हिनेगरने घासायचं. हे जमणार नसेल तर घेऊ नका. आर्द्रता 60च्या वर गेली की कपाटामागे बुरशी धरते आणि गादीत धुळीतले किडे वाढतात, म्हणजे दम्याला आमंत्रणच.

पुढच्या थंडीत वातीतून पाणी उडवणारा प्रकार घेणार आहे. त्यात क्षार वातीतच राहतात, आणि हवा ओली होत गेली की बाष्पीभवन आपोआप मंदावतं. पाऊसकाळात यंत्राची गरजच नाही. उष्ण प्रदेशांत फ्लू पावसातही पसरतो, पण त्याला कोरडी हवा कारण नसते. सध्या यंत्र कोरडं करून कपाटात ठेवलंय. मापक आईच्या उशाशीच आहे, आज 58.