स्नायडर की मार्टिनी-हेन्री: काळ्या दारूची पहिली रायफल कोणती घ्यावी?

दोन्ही रायफली शेजारी ठेवल्या की नवख्याचा हात मार्टिनी-हेन्रीकडेच जातो. देखणी आहे, आणि १८७९ च्या झुलू युद्धामुळे तिचं नावही मोठं आहे. तरी माझं मत आधीच सांगून टाकतो. काळ्या दारूची, म्हणजे जुन्या पद्धतीच्या धूर सोडणाऱ्या बंदुकीच्या दारूची काडतुसं तुम्ही याआधी कधी भरली नसतील, तर पहिली रायफल स्नायडर घ्या. या दोन्हींची काडतुसं सहजासहजी विकत मिळत नाहीत, घरीच भरावी लागतात. त्यामुळे रायफल निवडताना खरी निवड होते ती काडतुसाची, आणि पुढच्या कित्येक संध्याकाळी तुम्ही टेबलाशी काय करत बसणार याची.

स्नायडर ब्रिटिश लष्करात १८६६ मध्ये आली. तोंडाकडून भरायच्या एनफील्डची नळी मागे कापून तिथे बिजागरीचं झाकण बसवलं, की झाली स्नायडर. झाकण उजवीकडे उघडायचं, मागे ओढायचं आणि रायफल उलटी करून रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी आवरण, खाली पाडायची. मार्टिनी १८७१ ची, मागून भरण्यासाठीच घडवलेली. खालचा दांडा खाली ओढला की नळीचं मागचं तोंड बंद करणारा ठोकळा झुकतो आणि पुंगळी मागे फेकली जाते.

गोळी दोन्हींची ४८० ग्रेनची, म्हणजे साधारण ३१ ग्रॅम. सगळा फरक इथून सुरू होतो. स्नायडरची नळी ०.५७७ इंची, मार्टिनीची ०.४५० इंची. तेवढंच शिसं बारीक नळीतून न्यायचं तर गोळी लांब होते, आणि लांब गोळी हवेत डगमगू नये म्हणून तिला फिरकीही जास्त लागते. मार्टिनीचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या पिळदार खाचा, २२ इंचांत एक वेढा घेतात, लांब नळीच्या स्नायडरचे ७८ इंचांत. दारूही लष्करी काडतुसात स्नायडरला ७० ग्रेन, मार्टिनीला ८५. दूरच्या नेमबाजीत मार्टिनी सरस आहे, त्यात वाद नाही. तुमचं मैदान शंभर यार्डांचं असेल तर मात्र हा मोठेपणा तुमच्या फारसा उपयोगाचा नाही.

आता टेबलाकडे. पुंगळ्या दोन्हींसाठी २४ बोअरच्या पितळी शॉटगन काडतुसांपासून करता येतात. स्नायडरची पुंगळी जवळजवळ सरळ असते. लांबी कापायची, कड साफ करायची, डायमधून, म्हणजे आकार देणाऱ्या पोलादी साच्यातून, एकदा काढायची, झालं. मार्टिनीच्या पुंगळीला खांदा आणि मान असते, म्हणजे ती पुढे निमुळती होऊन तोंडाशी बारीक होते. पितळ तापवून मऊ करायचं, डायमध्ये थोडं दाबायचं, काढून पुन्हा मऊ करायचं, पुन्हा दाबायचं. घाई केली की खांद्यावर सुरकुती पडते. तेल जास्त झालं तर खळगा पडतो. माझ्या पहिल्या वीस पुंगळ्यांपैकी सहा अशाच वाया गेल्या, आणि त्या सहाही रात्री दहानंतरच्या होत्या. थकल्यावर हे काम करू नये.

गोळीचंही तसंच. स्नायडरची गोळी मऊ शिशाची आणि बुडाशी पोकळ. बार उडाला की बूड फुलून आट्यांत बसतं, त्यामुळे मापातली थोडी चूक ती सांभाळून घेते. मार्टिनीची मूळ गोळी कथील मिसळलेल्या शिशाची आणि कागदात गुंडाळलेली. पातळ कागद ओला करून दोन वेढे द्यायचे, दोन्ही टोकं अशी भिडवायची की एक दुसऱ्यावर चढणार नाही, शेपूट बुडाशी पिळायचं आणि वाळू द्यायचं. वाळताना कागद आक्रसून गोळीला घट्ट चिकटतो. बोट फिरवलं आणि उंचवटा लागला, तर ती गोळी बाजूला ठेवा. हात बसेपर्यंत नाकी नऊ येतात, पण बसला की या कामात फार समाधान आहे.

एक नियम दोन्हींना सारखाच. दारू आणि गोळी यांच्यामध्ये रिकामी जागा राहता कामा नये. हल्लीच्या पुंगळ्या जुन्या पितळी पत्र्याच्या पुंगळ्यांपेक्षा जाड असल्याने आत दारू तशीही कमीच मावते. दारू कमी घेतली तर उरलेली जागा पुठ्ठ्याच्या चकत्यांनी आणि मेणाच्या थराने भरून काढायची. आणि या रायफलींत काळ्या दारूऐवजी बिनधुराची दारू कधीही भरू नका, चमचाभरसुद्धा नाही.

काळ्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग जळल्यावर घनरूपातच उरतो. दहाबारा बारांनंतर ही काजळी मार्टिनीच्या बारीक नळीत लवकर जाणवते. बारांच्या मधे मागून नळीत चारपाच लांब श्वास फुंकले की वाफेने ती मऊ राहते. रायफल आधी मोकळी करून घ्यायची, हे वेगळं सांगायला नको. स्नायडर याबाबत जास्त सहन करते. धक्काही तिचा दांडगा असला तरी ढकलल्यासारखा, मार्टिनीचा सरळ खांद्यात घुसणारा.

विकत घेताना स्नायडरमध्ये मार्क ३, म्हणजे तिसरी आवृत्ती शोधा. तिची नळी पोलादी असते आणि झाकणाला कुलूपकडी असते. आधीच्या मार्कमध्ये ती कडी नाही. मार्टिनीबाबत डोळे जास्त उघडे ठेवा. खैबर खिंडीच्या परिसरात तिच्या हुबेहूब नकला बनत आल्या आहेत. शिक्क्यातलं अक्षर उलटं किंवा आकडे वेडेवाकडे दिसले, तर ती भिंतीवरच शोभेल. नेपाळच्या जुन्या शस्त्रसाठ्यातून २००३ नंतर बाजारात आलेल्यांमध्ये मार्टिनीसारखी दिसणारी गहेंद्र रायफलही आहे. तिची आतली यंत्रणा वेगळी आणि घडण कमीजास्त असते, तिच्यातून बार काढू नये. बाकी कोणतीही असो, आधी जाणत्या बंदूक कारागिराकडून तपासून घ्या आणि मऊ शिशाचा गोळा नळीतून ढकलून तिचं खरं माप काढा. गोळ्या ओतायचा साचा त्यानंतर मागवा. मी उलट केलं होतं, आणि तो साचा अजून तसाच पडून आहे.

सफाई त्याच दिवशी, गरम पाण्याने. कुजक्या अंड्यासारखा वास येईल, तो गंधकाचा. स्नायडरचं झाकण उघडं ठेवून काम भागतं. मार्टिनीत काळं पाणी यंत्रणेत उतरतं, म्हणून मागचा चीर असलेला पिन काढून ठोकळा आधी बाहेर घ्या, सुकवा, तेल द्या आणि मगच परत बसवा.