नायट्रोजनच्या संयुगांसाठी यूस्पेक्स: भरवसा कुठे ठेवावा, कुठे नाही

उच्च दाबाखाली नायट्रोजनची कोणती नवी संयुगं तयार होतील हे आधी संगणकावर शोधायचं असेल, तर यूस्पेक्स आजही सर्वांत आधी हाती घ्यावं असं सॉफ्टवेअर आहे. पण नायट्रोजन त्याची चांगलीच परीक्षा घेतो. नायट्रोजनचा तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल लागतात, एकेरी बंधाला साधारण १६०. तीन एकेरी बंध मिळूनही तिहेरीच्या जेमतेम निम्म्यावर येतात. एकेरी बंधांच्या जाळ्यातून पुन्हा रेणू झाले की हाच फरक ऊर्जा म्हणून बाहेर पडतो. त्यामुळे रेणू, साखळ्या, वलयं आणि जाळी या सगळ्यांना शोधात सारखी संधी मिळाली पाहिजे.

शोधाची पद्धत उत्क्रांतीची आहे: रचना यादृच्छिक जन्मतात, वास्पसारख्या, क्वांटम पद्धतीने ऊर्जा मोजणाऱ्या प्रोग्रामकडून रिलॅक्स होतात (म्हणजे अणू सरकून कमी ऊर्जेच्या जागी बसतात), आणि कमी एन्थाल्पीच्या, म्हणजे दाबाचा वाटा धरून कमी ऊर्जेच्या, रचनांपासून पुढची पिढी बनते. २०१७ साली सीझियम पेंटाझोलेट (पाच नायट्रोजनच्या वलयाचं सीझियम संयुग) या मार्गाने आधी संगणकावर सापडलं. मग सीझियम अझाइड (तीन नायट्रोजनच्या साखळीचं संयुग) नायट्रोजनमध्ये ६० गिगापास्कलच्या आसपास दाबून, लेसरने तापवून ते प्रत्यक्षात आलं.

लिथियम–नायट्रोजन, ५० गिगापास्कल हे उदाहरण घेऊ. गणनेचा प्रकार ३०१, म्हणजे घटकांचं प्रमाण बदलतं ठेवणारा. सेलमध्ये, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या एककात, ८ ते २० अणू, पहिल्या पिढीत १५० रचना, पुढे ६०, एकूण ४० पिढ्या. साधारण अडीच हजार रचना होतात आणि प्रत्येकीचं रिलॅक्सेशन चार टप्प्यांत. पहिला टप्पा ढोबळ आणि स्थिर आकारमानावर ठेवा, नाहीतर वेड्यावाकड्या सुरुवातीच्या सेल फुगतात आणि गणना अडकते.

सर्वांत महाग पडणारी चूक ‘आयनडिस्टन्सेस’मध्ये होते. दोन अणूंमधलं किमान अंतर इथे ठरतं. नायट्रोजन–नायट्रोजनसाठी १.३ अँगस्ट्रॉम लिहिलं की नायट्रोजनचा रेणूच बाद होतो, कारण त्यातलं अंतर १.१० आहे. रेणू असलेली अपत्यं प्रत्येक पिढीत नाकारली जातात आणि शेवटी जाळीदार रचनाच सर्वांत स्थिर दिसतात. निकाल सुंदर, पण खोटा. ०.८ ते ०.९ ठेवा.

दाब इनपुट फाइलमध्येच गिगापास्कलमध्ये द्यायचा, वास्पच्या फाइलमध्ये पुन्हा लिहायचा नाही. नंतर वास्प वेगळं चालवताना मात्र त्यातला दाब, ‘पीस्ट्रेस’, किलोबारमध्ये असतो: ५० नव्हे, ५००. शोधापुरतं नायट्रोजनचं साधं पोटेन्शियल (अणूच्या गाभ्याऐवजी गणनेत वापरलं जाणारं सोपं रूप) चालतं. अंतिम आकड्यांसाठी लहान गाभ्याचं ‘कठीण’ पोटेन्शियल आणि ८०० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचा कटऑफ (गणना किती बारीक करायची याची मर्यादा) घ्यावा. दाबाखाली अणू इतके जवळ येतात की साध्या पोटेन्शियलचे गाभे एकमेकांवर चढतात. लिथियमचे आतले दोन इलेक्ट्रॉनही गणनेत हवेत.

कॉन्व्हेक्स हल, म्हणजे कोणत्या प्रमाणाची संयुगं विघटन न होता स्थिर राहतील हे दाखवणारी आलेखातली सीमारेषा, यूस्पेक्स स्वतः काढून देतो, ही मोठी सोय. पण हलची टोकं तपासल्याशिवाय त्यावर विसंबू नका. शुद्ध नायट्रोजनच्या ज्ञात अवस्था, लिथियम नायट्राइड आणि लिथियम अझाइड ‘सीड्स’ फोल्डरमधून मुद्दाम घाला. रेणूंमधलं दुर्बळ आकर्षण साध्या पीबीईत (अशा गणनांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या अंदाजी सूत्रात) धरलं जात नाही. त्यामुळे घन नायट्रोजन आहे त्यापेक्षा अस्थिर दिसतो आणि संयुगांना फुकटचा फायदा मिळतो. हे आकर्षण धरणारी डी३ दुरुस्ती लावून तुलना करा. हलपासून अणूमागे ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आतल्या सगळ्या रचना जपून ठेवा.

हल अभिक्रियेचा वेग सांगत नाही. घनाकार गॉश नायट्रोजनचं, म्हणजे फक्त एकेरी बंधांच्या जाळीचं, भाकीत १९९२ चं. गणितात तो ६० गिगापास्कलच्या आसपासच स्थिर होतो, पण २००४ मध्ये तो मिळवायला ११० गिगापास्कल आणि २००० केल्व्हिनच्या वर जावं लागलं. तिहेरी बंध मोडण्याचा अडथळा हलच्या आलेखात कुठेच नसतो.

एआयआरएसएस हे यादृच्छिक रचना शोधणारं दुसरं सॉफ्टवेअर मुक्त आहे, इनपुट छोटं, आणि लहान सेलसाठी यादृच्छिक शोध पुरतो; यूस्पेक्सच्या निकालाची उलटतपासणी त्यावर जरूर करावी. मोठ्या सेलपुढे दोन्ही हतबल. २०२३ मध्ये मिळालेल्या पोटॅशियम–नायट्रोजन संयुगाचं सूत्र ९ पोटॅशियम, ५६ नायट्रोजन असं आहे आणि त्याच्या एकक सेलमध्ये ५२० अणू आहेत. २० अणूंच्या शोधात अशी रचना येणारच नाही.

शोध संपला की उमेदवारांचा दाब ५०, ३०, १०, ० असा उतरवत प्रत्येक पायरीवर फोनॉन, म्हणजे स्फटिकातल्या अणूंची कंपनं, काढा; काल्पनिक वारंवारता दिसली तर तिथे रचना तुटते. त्यात टिकलेल्यांचं मग वजन पाहा, कारण साठवलेली ऊर्जा नायट्रोजनच्या बंधांत असते आणि जड धातू नुसता भार वाढवतो. सीझियम पेंटाझोलेटमध्ये नायट्रोजन वजनाने ३५ टक्क्यांहूनही कमी, लिथियम पेंटाझोलेटमध्ये ९१ टक्के, आणि २०१८ मध्ये ४५ गिगापास्कलला बनलेलं हे दुसरं संयुग दाब काढल्यावरही टिकलं. म्हणून धातू निवडताना आधी हलक्यांकडे वळावं.