मामांचा ड्रॅगन, नव्याने ओतलेला: आठ महिने वापरल्यानंतर

मागच्या दिवाळीच्या आठवडाभर आधी पार्सल आलं आणि आता मृग सरत आलाय. हिवाळा, लातूरचा उन्हाळा आणि पहिला पाऊस या ड्रॅगनने माझ्या घरात काढला. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो.

आधी मूळ ड्रॅगनबद्दल सांगतो. माझे मामा नोकरीसाठी इंग्लंडला होते. 1987 साली सुटीवर आले तेव्हा माझ्यासाठी शिशाचा एक ड्रॅगन घेऊन आले. बसलेला, मान वळवून मागे बघणारा, पंख अर्धे उघडलेले. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ 1974 मध्ये आला आणि त्याच्या मागोमाग अशा धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. अमेरिकेतली राल पार्था 1975 ची, इंग्लंडमधली सिटाडेल त्याच दशकाच्या शेवटची. हे सगळं मला फार उशिरा कळलं. औसा तालुक्यातल्या आमच्या वाड्याच्या ओसरीवर तो माझा ड्रॅगन होता, इतकंच तेव्हा पुरेसं होतं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात वाडा तडकला, सामान रातोरात पत्र्याच्या शेडमध्ये हलवावं लागलं आणि त्या धांदलीत त्याचा डावा पंख गेला. तो परत मिळाला नाही.

म्हणून हीच मूर्ती एक लहान कंपनी संग्राहकांसाठी पुन्हा काढतेय असं कळलं, तेव्हा मी ती घेतली. खरं सांगायचं तर पंखासाठी घेतली. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून साडेचार हजारांच्या वर गेली.

डबा उघडला तेव्हा चार भाग होते: धड, दोन पंख आणि शेपटीचं टोक. धातू चकचकीत, रुपेरी. जुना ड्रॅगन काळपट राखी आहे. दोन्ही हातांत एकेक धरल्यावर वजनातला फरक लगेच जाणवला, पण नेमका किती ते बघायचं होतं. लातूरच्या बाजारात, गंजगोलाईत, आमच्या ओळखीचे एक सराफ आहेत, त्यांच्या काट्यावर दोन्ही धडं ठेवली. जुनं 84 ग्रॅम, नवं 63. शिशाची घनता घन सेंटिमीटरला 11.34 ग्रॅम, कथलाची 7.3 च्या आसपास. जुन्या मूर्ती शिसं, कथील आणि थोडं अँटिमनी मिळून ओतलेल्या असत; 1990 च्या दशकात आरोग्याच्या काळजीने बहुतेक कंपन्यांनी शिसं सोडलं आणि कथलाचं प्रमाण भरपूर असलेला मिश्रधातू आला. वजनातली बरीचशी घट त्यामुळे. पण सगळी नाही.

उरलेली घट कुठून आली हे त्या सराफांनीच ओळखलं. त्यांनी भिंग लावून दोन्हींच्या पाठीवरचे खवले पाहिले आणि म्हणाले, "दादा, हे नवं ठशावरनं काढलेलं नाही. टाकावरनं टाक काढला की असंच होतंय बगा." देवघरातले टाक पुजून पुजून झिजतात. खंडोबाच्या घोड्याचे पाय सपाट होतात, देवीचं नाक जातं. तेव्हा सोनाराकडे जुना ठसा असेल तर नवा टाक ठसठशीत निघतो. झिजलेल्या टाकावरूनच साचा घेतला तर झीज पण त्यात उतरते.

या मूर्तींचंही तसंच आहे. कलाकार इपॉक्सी पुट्टीत, म्हणजे मळून आकार दिला की कडक होणाऱ्या लगद्यात, मूळ मूर्ती घडवतो. ती रबराच्या दोन जाड तबकड्यांमध्ये दाबून, तापवून साचा करतात आणि त्या दाबात मूळ मूर्ती बहुधा खराब होते. त्या पहिल्या साच्यातून थोड्या उत्तम प्रती ओततात. त्या असतात मास्टर. मास्टरवरून विक्रीचे साचे तयार होतात आणि ते गोल फिरवत, मधून वितळलेला धातू सोडून मूर्ती निघतात. फिरण्याच्या जोराने धातू नखापर्यंत, शिंगाच्या टोकापर्यंत जातो. प्रत्येक पिढीत थोडं आकुंचन होतं. मास्टर सांभाळून ठेवलेली असेल तर चाळीस वर्षांनीही मूळ तोडीची प्रत मिळते. नसेल तर कोणाच्या तरी संग्रहातली जुनी प्रत घेऊन तिच्यावरून साचा करावा लागतो. मी व्हर्नियरने मोजलं: नाकपुडीपासून पाठीच्या कडेपर्यंत जुना 78 मिलिमीटर, नवा साडेशहात्तर. लांबीत दोन टक्के कमी म्हणजे आकारमानात सहाच्या आसपास कमी. काट्यावरचा हिशेब तिथे जुळला.

माझी तक्रार इथे आहे. विकताना "मूळ साच्यातून" असं म्हटलं होतं. मी पत्र लिहून विचारलं तेव्हा उत्तर आलं, की मूळ साचे कधीच निकामी झाले होते आणि एका संग्राहकाची जुनी, न रंगवलेली प्रत वापरली. उत्तर सभ्य होतं, खोटंही नव्हतं, पण ते विक्रीच्या आधी यायला हवं होतं. जुन्या प्रतीवरून काढलेली मूर्ती मी तरीही घेतली असती. फक्त पंखाची आशा धरली नसती.

जोडणी सोपी नाही. नुसत्या गोंदावर पंख टिकत नाहीत, धातूचं वजन आहे. मी हाताच्या बारीक ड्रिलने एक मिलिमीटरची भोकं पाडून पितळेची तार घातली आणि मग चिकटवलं. साच्याच्या दोन भागांची सांधरेघ मानेवरून जाते, ती काढायला एक अख्खा रविवार गेला. नवा धातू शिशापेक्षा कडक आहे, कानस नीट चालते. उलट तो शिशासारखा पुन्हा पुन्हा वाकवता येत नाही, एकाच जागी चार-पाच वेळा वाकवला तर तुटेल.

डिसेंबरात एका सकाळी नव्या ड्रॅगनच्या पोटाखाली पांढरी भुकटी दिसली आणि माझ्या छातीत धस्स झालं. जुन्या शिशावर अशी पांढरी भुकटी येते. लाकडी किंवा पुठ्ठ्याच्या बंद डब्यात आम्लाची वाफ साचते आणि शिशाचं कार्बोनेट होऊन मूर्ती हळूहळू खाल्ली जाते. पण नव्यात शिसं नाही. कथलाचाही एक रोग आहे, 13 अंशांखाली त्याचं राखी चूर्ण व्हायला लागतं, आणि त्या आठवड्यात परभणीच्या थंडीच्या बातम्या रोज येत होत्या. तेही खरं कारण नव्हतं. अँटिमनी मिसळलेल्या कथलाला आपल्याकडच्या थंडीने काही होत नाही. कारण निघालं आमच्या बोअरचं पाणी. रंगाआधी मी मूर्ती साबणाने धुऊन तशीच सुकवली होती, त्यातले क्षार खवल्यांत बसले. बादलीच्या तळाशी जमतो तोच थर. फिल्टरच्या पाण्याने पुन्हा धुतली, ब्रश मारला, गेला. लातूर, धाराशिव, बीडकडे बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्यानेच करावं.

त्याच दिवशी आईने जुना ड्रॅगन हातात घेतला. "हे काय नुसतं पाण्यानं घासायलास? आण, चिंच लावून देते, देवाच्या भांड्यावाणी लख्ख होतंय." मी तिच्या हातातून तो हळूच काढून घेतला. पितळेला चिंच ठीक, पण शिशाला चिंच, लिंबू, व्हिनेगर काहीही लावू नका. आम्लाने शिसं विरघळतं आणि ते विष आहे. तिला हे सांगितल्यावर तिने आधी माझ्या मुलीला हात धुवायला पाठवलं आणि मग मला विचारलं, "मग लहानपणी तू हे तोंडात घालायचास, तव्हा रं?" मामा तिचेच भाऊ. त्या काळी आमच्या घरी हे कोणाला ठाऊक नव्हतं.

मला नव्या प्रतीचं खरं मोल तिथे कळलं. मुलगी नऊ वर्षांची आहे, रविवारी आम्ही चौघं-पाच जण खेळायला बसतो तेव्हा ड्रॅगन तीच हलवते. मूर्ती म्हणजे हातात घेण्याची वस्तू. शिशाची मूर्ती मी तिला कधीच देऊ शकलो नसतो.

रंगाचं थोडक्यात. मे महिन्यात दुपारी स्प्रे प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारू नका. रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. मी सगळा काढून पहाटे सहाला पुन्हा मारला. पातळ रंग सोडून खोलगट जागा गडद करण्याची जी पद्धत आहे ती मानेवर आणि पंखांवर छान बसते, पाठीवर मात्र खवले उथळ झाल्यामुळे रंग ठरत नाही, वाहून जातो. तिथे मला प्रत्येक खवल्याची कड ब्रशने वेगळी रंगवावी लागली.

रंगवून झाल्यावर एकदा तो टेबलावरून शहाबादी फरशीवर पडला. उजवा पंख वाकला, तार घातली होती म्हणून निघाला नाही. हळूहळू सरळ करताना धातूतून बारीक कुरकुर ऐकू आली. कथील वाकवताना असा आवाज येतो. पंखाचा रंग दोन जागी उडाला, चीर नाही. आजच्या प्लास्टिकच्या योद्ध्यांशेजारी तो लहान दिसतो, कारण तेव्हा उभ्या माणसाच्या मूर्तीचं माप 25 मिलिमीटरचं आणि आताच्या मूर्ती त्याहून थोराड. मला तो लहानच आवडतो.

एक गोष्ट कंपनीने फार चांगली केली. जुन्याच्या तळाखाली ओतलेलं साल आहे, नव्याच्या तळाखाली ते काढून वेगळी खूण घातली आहे. उद्या कोणी ही मूर्ती मळवून, जुनी म्हणून विकू शकणार नाही.

पंखाचं राहिलं. नवा डावा पंख मी रंगवण्याआधी जुन्या धडाला लावून पाहिला होता. खोबणीत तो सैल बसतो, कडेला नखभर फट राहते आणि खांद्याची रेघ जुळत नाही. मित्र म्हणाले, जुन्याची खोबण थोडी घासून घे, पुट्टी भर, कळणारसुद्धा नाही. कानस काढून ठेवली होती. दोन दिवस ती टेबलावर तशीच होती, मग डब्यात परत ठेवली. जुना ड्रॅगन आता काचेच्या बरणीत आहे, एका पंखाचा. येत्या दिवाळीला मामा येणार आहेत.