शाळेची यादी: दुकानात जायचं की पालक संघाचा संच घ्यायचा?

आम्ही फ्रान्समध्ये राहतो. जूनअखेरीस लेकीच्या दप्तरातून पुढच्या वर्षाच्या शालेय सामानाची यादी निघाली: 24×32 सेंटिमीटरची, 96 पानी, ‘सेयेस’ आखणीची वही, कव्हरं निळं, लाल आणि जांभळं. सेयेस म्हणजे फ्रान्सच्या शाळांमधली आखणी: 8 मिलिमीटरचे चौकोन, आत दर 2 मिलिमीटरवर बारीक आडवी रेघ. दुरेघी-चौरेघीवर वाढलेली मी पहिल्या वर्षी 5 मिलिमीटर चौकटीच्या वह्या घेऊन आले. सगळ्या परत कराव्या लागल्या.

पालक संघाच्या संचात ही चूक होत नाही. सुट्टीआधी मागणी नोंदवायची, शाळा उघडताना यादीबरहुकूम भरलेला खोका उचलायचा. दोघंही नोकरीवर आणि घरात तीन मुलं असतील, तर डोळे झाकून संच घ्या. मला मात्र एक गोष्ट खटकते: गेल्या वर्षीची कात्री, पट्टी, कंपास धड असताना त्यांचे पैसे पुन्हा का मोजायचे?

दुकानात हवं तेवढंच घेता येतं. शिवाय कमी उत्पन्नाच्या घरांना 6 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी मिळणारा सरकारी शालेय भत्ता ऑगस्टमध्ये जमा होतो. त्यावर भिस्त असलेल्यांना संचाचे पैसे जूनमध्ये भरणं जड जातं. पण ऑगस्टअखेरची ती गर्दी! जांभळं कव्हर तर हमखास संपलेलं.

आम्ही आता जुलैतच जुनं सामान टेबलावर ओततो. लेक यादीवर खुणा करते आणि उरलेलं तेवढं दुकानातून आणतो.