इंदूर की बडोदे?

माहेर इंदूर, सासर बडोदे. यांच्या निवृत्तीनंतर राहायचं कुठे, यावर घरात रोज वाद.

इंदूर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर. बडोदे जेमतेम ३५-४०. फरक मे महिन्यात अंगाला कळतो. इंदूरला रात्री गच्चीवर चादर ओढावी लागते, इथे रात्रीही उशी घामाने भिजते.

पण पाण्याचं गणित उलटं. इंदूरची खान नदी क्षिप्रेला मिळायला उत्तरेकडे जाते. नर्मदा मात्र खाली राहते. तिचं पाणी काठावरच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर, घाट चढवत पंपाने आणावं लागतं. म्हणून आई अजूनही पिंपं भरून ठेवते!

बडोद्यात पाणी आपणहून येतं, नको तेव्हा. पावागढाकडून येणारी विश्वामित्री इथल्या सपाटीवर नागमोडी होते, पाणी निघायला उतारच नाही. धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४मध्ये नदी ३५च्या वर गेली. वर तिच्यात मगरी. आमच्या तळमजल्याच्या भिंतीवरची चिखलाची रेघ रंग दिल्यावरही दिसते.

माझं मत इंदूरला. हे म्हणतात, बडोद्यातच, पण तिसरा मजला. इथला दांडिया बाजारचा भाग यांच्याने सुटायचा नाही.