लातूरच्या रात्रीच्या अभ्यासिकेचा रिव्ह्यू, सीट नंबर ३४ वरून

लातूरमध्ये अभ्यासिकांची काही कमी नाही, उद्योग भवनच्या बाजूला ट्यूशन एरियात तर एक बिल्डिंग सोडून एक बोर्ड दिसतो, चोवीस तास चालू, एसी, वायफाय, आरओचं पाणी, मुलींसाठी वेगळा हॉल. रिव्ह्यू पण ढिगानं आहेत, पण ते सगळे नीटवाल्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या पोरांनी नाहीतर त्यांच्या आईवडिलांनी लिहिलेले. मी कसलीच परीक्षा देत नाही. वय ४१, दिवसा पतसंस्थेत नोकरी आणि रात्री भयकथा लिहितो, दरवर्षी दोन-तीन कथा दिवाळी अंकात येतात. गेल्या डिसेंबरपासून मी इथं सीट घेऊन बसतोय आणि माझ्यासारखं अजून कुणी असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय.

सरळ सांगतो, मला रात्री घरात एकट्याला बसवत नाही. बायको नर्स आहे, महिन्यातून आठ-दहा नाईट ड्युट्या असतात, त्या दिवशी पोरगं आज्जीकडं जातं आणि मी एकटा उरतो, आणि मला सुचतं ते रात्री अकराच्या पुढंच. घरात दिवे लावून, टीव्ही म्यूट करून, दार उघडं टाकून सगळं करून बघितलं. दोन पानं होतात आणि मग कान भिंतीकडं लागतात.

ह्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला पुढं काही सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, किल्लारीचा भूकंप. मी नऊ वर्षांचा होतो, आमचं गाव औसा तालुक्यातच पण जी ५२ गावं पार जमीनदोस्त झाली त्यात नव्हतं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून सगळं गाव दमून झोपलेलं. आमचं घर माळवदाचं, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर लाकडावर हातभर मातीचा थर, उन्हाळ्यात गार म्हणून सगळे कौतुक करायचे त्या घराचं. मला आवाज आठवत नाही. आठवते ती चव, तोंडात, नाकात सगळी माळवदाची माती, जुनी, कोरडी, थोडी उंदराचा वास असलेली, आणि वडिलांनी दंडाला धरून ओढलं तो हिसका. आमची मधली भिंत गेली, माणसं वाचली. पुढं कळतं झाल्यावर समजलं की किल्लारी-सास्तूरकडं इतकी माणसं गेली ती ह्याच माळवदामुळं, मातीत रचलेले ते दगड हलले की वरचा सगळा भार झोपलेल्या माणसाच्या अंगावर. ज्या छताखाली गार झोप लागायची त्याच छतानं मारलं ही गोष्ट माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

त्यानंतर कितीतरी महिने गावात कुणी घरात झोपायला तयार नव्हतं. वडिलांनी शेतात पत्र्याचं शेड मारलं, आम्ही चुलत-मावस मिळून सात पोरं आणि आज्जी एका लायनीत झोपायचो, आणि जमीन बारीक हलली की पत्रा थरथरायचा. आम्ही रडायला लागलो की आज्जी भुताच्या गोष्टी सांगायची. लोक तिला म्हणायचे, अहो आधीच लेकरं भेदरलेली, त्यात हे काय सांगताव. पण आम्ही गप होऊन झोपायचो, खरंच झोपायचो.

का झोपायचो ते मला लिहायला लागल्यावर उमगलं. आज्जीच्या प्रत्येक भुताला नियम होता. मुंजा पिंपळावरच, पार सोडून येत नाही. साती आसरा विहिरीपाशी, बारवेपाशी, पाण्यापाशी, दुपारी बाराला नाहीतर तिन्हीसांजेला, तिथून वाकून बघू नये म्हणजे झालं. चकवा लागला, फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येऊ लागलास की चालू नको लेकरा, आहे तिथं बस, उजाडंस्तोवर बस, तो सोडतो. भुताला जागा होती, वेळ होती, उतारा होता. भूकंपाला ह्यातलं काहीच नव्हतं, आम्ही काही चुकलो नव्हतो, उलट गणपती नीट बोळवला होता. पुढं तालुक्याच्या वाचनालयात नारायण धारपांच्या समर्थ-कथा हाती लागल्या तेव्हा मला एकदम ओळखीचं वाटलं ते ह्यासाठीच, कितीही भयंकर असलं तरी ते समजून घेणारा, त्याच्याशी कसं लढायचं हे जाणणारा एक माणूस गोष्टीत आहे. लोक विचारतात की तू इतका घाबरट आणि हे असलं कसं लिहितोस, मला वाटतं मी हे असलं लिहितो म्हणून मला झोप लागते.

बरं, आता अभ्यासिका.

ह्याच्या आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी दीड महिना बसलो, नाव घेत नाही. एसी चांगला, खुर्च्या नवीन, पण रात्री अकराला खालचं शटर बाहेरून ओढून कुलूप लावायचे आणि किल्ली घेऊन वॉचमन समोरच्या मेडिकलच्या पायरीवर झोपायचा. आत सत्तर-ऐंशी पोरं, जिना एकच, तो पण अडीच फुटी, त्यावर पाण्याचे रिकामे जार रचलेले. मला हे पहिल्या रात्री कळलं नाही, कळलं त्या दिवसापासून माझा पेन हलला नाही. दोनदा सांगितलं, तर म्हणाले पोरं बाहेर पळतात म्हणून पालकांचीच मागणी आहे. मी डिपॉझिट सोडून निघालो. पालकांनो, तुम्ही वायफायचं स्पीड विचारता, जेवणाचा डबा कुठं ठेवायचा विचारता, कृपा करून रात्री दाराला कुलूप कुठून असतं हे पण विचारा. ट्यूबलाइट फुटून धूर झाला तरी तिथं काय होईल ह्याचा विचार मला आजही करवत नाही.

ही आत्ताची अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान, पुढून एक जिना आणि मागून लोखंडी गोल जिना, दोन्ही रात्रभर मोकळे. शटर अर्धं वर, आणि त्याच्या आत खुर्ची टाकून मामा बसलेले असतात. मामा म्हणजे रात्रीची राखण करणारे, साठीचे असतील, सगळी पोरं त्यांना मामाच म्हणतात. महिना हजार रुपये, एसी हॉलला तेराशे. मी बिनएसीत बसतो कारण ३४ नंबरची सीट तिथं आहे, मागच्या जिन्याच्या दारापासून चार पावलांवर. प्लायवूडचं कंपार्टमेंट, समोर एलईडी पट्टी, एक सॉकेट, वर छोटा कप्पा. खुर्चीची उंची कमी-जास्त होत नाही, खटका तुटलाय, मी घरून उशी नेतो. पाणी जारचं आहे, आरओ असं लिहिलंय पण आरओ बंदच असतो. बाथरूम बरं आहे, बल्ब एकच आहे आणि तो पिवळा मिणमिणता, तिथं ट्यूब लावा असं मी तीन वेळा सांगितलं, अजून लावली नाही. इन्व्हर्टर दोन सेकंदात लागतो.

मालकांची एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. हॉलच्या मागच्या भिंतीला जुन्या पुस्तकांचं लोखंडी रॅक आहे, छतापर्यंत उंच, वरच्या दोन खणात एनसीईआरटी आणि जुने प्रश्नसंच ठासून भरलेले, आणि त्याच्या खाली पाच पोरांच्या सीटा. मला ते बघवत नव्हतं. मी मालकांना म्हणलं की हे रॅक भिंतीला बांधून घ्या आणि जड पुस्तकं खालच्या खणात टाका. ते माझ्याकडं जरा वेळ बघत राहिले आणि म्हणले, "तुम्ही कुठले?" मी गाव सांगितलं. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. दोन दिवसांनी गेलो तर रॅकला चार पट्ट्या मारून भिंतीत फिशर ठोकलेले आणि पुस्तकं सगळी खाली उतरवलेली. त्यांचं आजोळ सास्तूरकडचं आहे हे मला नंतर मामांकडून कळलं.

आता शांतता. बोर्डावर "पिन ड्रॉप सायलेन्स" लिहिलंय, तसं नाहीये आणि तसं नाही हेच मला आवडतं. रात्री एकच्या सुमाराला इथं साठ पोरांचा मिळून एक आवाज असतो, पानं उलटल्याचा, हायलायटरचं टोपण लागल्याचा, कुणीतरी क्रेब्स सायकल पुटपुटतंय, कुणाची चप्पल टेबलाखाली घासतेय, मधूनच एक लांब सुस्कारा. घरातल्या शांततेत मला भिंत ऐकू येते, इथं माणसं ऐकू येतात. मी विहिरीतून वर येणारा हात लिहीत असतो आणि माझ्या डावीकडं कुणीतरी बेडकाची पचनसंस्था पाठ करत असतं, आणि त्या जिवंत गुणगुणण्यावर भार टाकून मी एकट्यानं गेलो नसतो इतका खोल त्या विहिरीत उतरू शकतो.

३५ नंबरला कंधारचा एक पोरगा होता, रिपीटर, दुसरा अटेम्प्ट. पंधरा दिवसांनी त्यानं हळूच विचारलं, "काका, तुम्ही कोणत्या परीक्षेचं लिहायलाव?" मी सांगितलं भुताची गोष्ट. त्याला वाटलं मी टाळतोय. मग मी त्याला एक छापील कथा दिली, दुसऱ्या दिवशी आला तर डोळे लाल, म्हणला, "काका रूमवर लाइट बंदच केली नाही रात्री. पण लई दिवसांनी पेपर सोडून दुसऱ्या कशाची तरी भीती वाटली." ७२० पैकी किती ह्याशिवाय ज्याच्या डोक्यात दीड वर्ष काही शिरलं नव्हतं त्या पोराचं हे वाक्य मला कुठल्याही संपादकाच्या पत्रापेक्षा मोठं वाटतं. भयकथा म्हणजे टाइमपास असं म्हणणाऱ्यांशी मी पूर्वी वाद घालायचो, आता ह्या पोराबद्दल सांगतो.

एप्रिलमध्ये अवकाळी आला त्या रात्रीचं सांगतो. वारं सुटलं, कुठंतरी डीपी उडाला, इन्व्हर्टरनं दोन तास काढले आणि अडीचला तो पण बसला. पूर्ण अंधार, आणि वर गच्चीवर कुठलातरी पत्रा थरथरायला लागला. तोच आवाज, शेडमधला. माझ्या हाताला घाम सुटला, तोंडात माती आल्यासारखं झालं, मी उठून मागच्या दाराकडं निघणार तेवढ्यात एकेक करून मोबाइलचे टॉर्च लागायला लागले, कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही, पोरांनी मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभे केले आणि पुन्हा वाचायला लागली. कंधारच्या पोरानं त्याचा टॉर्च दोघांच्या मधल्या पार्टिशनवर ठेवला, अर्धा उजेड त्याच्या पुस्तकावर, अर्धा माझ्या वहीवर. काही बोलला नाही. मी बसलो. चारपर्यंत नऊ पानं लिहिली, यंदाच्या दिवाळी अंकाला गेली ती हीच कथा.

तक्रारी पण लिहितो. परीक्षेच्या आधी फेब्रुवारीपासून दीडशे रुपये वाढवतात आणि नंतर कमी करत नाहीत. सीट दोन दिवस रिकामी दिसली की दुसऱ्याला बसवतात, माझ्या महिन्यात आठ-दहाच रात्री असतात तरी पूर्ण पैसे द्यावे लागतात, नाईट पास काढा असं म्हणलं तर हसतात. महिलांचा हॉल रात्री साडेनऊला बंद होतो, त्यामुळं लिहिणाऱ्या बायकांना ह्या जागेचा रात्री काही उपयोग नाही आणि हे मला खरंच चूक वाटतं. आणि मे महिन्यात नीट झाली की हॉल ओस पडतो. तेव्हा येऊन बघितलं मी, साठ खुर्च्या, तीन माणसं, पंख्याचा आवाज. अर्धं पान पण झालं नाही, उठून घरी गेलो.

२०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यात हासोरीला जमिनीतून गूढ आवाज येत होते, सौम्य धक्के बसत होते, तेव्हा मी दोन महिने एक ओळ लिहिली नव्हती, रात्री गाडीत झोपायचो. तेव्हा ही जागा माहीत असती तर बरं झालं असतं.

पहाटे पावणेचार झाले की मी पेन ठेवतो आणि खाली जातो. मामांचा थर्मास असतो, ते कागदी कपात अर्धा-अर्धा चहा ओततात, आम्ही शटरपाशी उभे राहतो. चार वाजले की मामा "झालं बघा" म्हणतात आणि मी वर येतो. ते कुठले हे मी त्यांना विचारलेलं नाही. साडेसहाला बाहेर पडलं की कोपऱ्यावर निलंगा राईसचा गाडा लागलेला असतो, गरम प्लेट घ्या, सोबत कांदा मागून घ्या.

नाव नोंदवायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर जा, मालक तेव्हाच असतात. आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो लागतात, झेरॉक्स खालीच होते. "व्यवसाय" च्या रकान्यात मी "लेखक" लिहिलंय, त्यांनी चालवून घेतलं. बाहेरचा बोर्ड वाऱ्यानं फाटलाय, तो शोधत बसू नका, मागं लोखंडी गोल जिना दिसला की तीच बिल्डिंग. ३६ ते ४० नंबर घ्या, जिना जवळ पडतो. ३५ सध्या रिकामी आहे, कंधारच्या पोराचा नंबर लागला.