शाळेतलं एपी की कम्युनिटी कॉलेजचा कोर्स?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट-क्युपर्टिनोकडच्या मराठी घरांत मूल नववी-दहावीत गेलं की हा प्रश्न येतोच. शाळेतलं एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय) घ्यायचं, की ड्युअल एनरोलमेंट करून, म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजातही नाव घालून, जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) जायचं? क्रेडिट, म्हणजे पुढे विद्यापीठात तो विषय झालेला धरणं, दोन्हीकडून मिळू शकतं. जोखीम मात्र दोन्हींत वेगवेगळ्या जागी आहे, आणि मी आधी तीच बघेन.

एपीचं क्रेडिट मे महिन्यातल्या एकाच परीक्षेवर ठरतं. वर्षभर वर्गात ए मिळाला तरी १ ते ५ मधला तिथला स्कोअर महत्त्वाचा. पेपर बिघडला तर क्रेडिट जातं, पण नुकसान तिथेच थांबतं, कारण तो स्कोअर कळवायचा की नाही हे बहुतेक ठिकाणी मुलाच्याच हातात असतं.

कॉलेजात अख्ख्या सत्राचं काम धरलं जातं. परीक्षेच्या दिवशी हातपाय गळणाऱ्या पण रोज नेटाने काम करणाऱ्या मुलाला हे फार मानवतं. पण ती ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रकावर) कायमची राहते. मुदत उलटून गेल्यावर कोर्स सोडला तर डब्ल्यू (विथड्रॉ, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण) राहतो. पंधराव्या वर्षी मिळालेला डी पुढे मेडिकलच्या अर्जातल्या सरासरीतही धरतात. ज्यांच्या घरात ‘डॉक्टर व्हायचंय’ असं बोललं जातं, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणखी एक गोष्ट आईवडिलांना जड जाते. कॉलेजात मुलगा सोळा वर्षांचा असला तरी तिथल्या नोंदींवर कायद्याने हक्क त्याचा. प्राध्यापक तुम्हाला ईमेल करणार नाहीत, शाळेच्या पोर्टलसारखे रोजचे गुणही तुम्हाला दिसणार नाहीत. मुदती स्वतः सांभाळणाऱ्या मुलालाच तिकडे पाठवा.

क्रेडिट चालेल कुठे? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया एपीच्या ३ किंवा वरच्या स्कोअरला क्रेडिट देते. तिच्याकडे ट्रान्सफर होणाऱ्या कॉलेज कोर्सलाही जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) एपीसारखाच जादा गुण मिळतो, आणि असा एका सेमिस्टरचा कोर्स हायस्कूलच्या वर्षभराच्या विषयाएवढा धरतात. कोणता कोर्स कशाच्या बदल्यात चालतो ते ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर आधीच बघता येतं. खासगी विद्यापीठांचं गणित निराळं. एमआयटी कॅल्क्युलस बीसी या वरच्या पातळीच्या एपी गणितातल्या ५ ला क्रेडिट देते, डार्टमथ आणि कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाहीत. हायस्कूलच्या डिप्लोमासाठी वापरलेला कॉलेज कोर्स अनेक खासगी कॉलेजं मोजत नाहीत. इंग्लंडचा विचार असेल तर एपी बरं, ऑक्सफर्डही प्रवेशासाठी ते धरतं.

‘क्रेडिट आधीच झालं तर पुढे मायनर (मुख्य विषयाच्या जोडीला दुय्यम विषय) करता येईल’ हेही खूप ऐकू येतं. हिशेब बरोबर आहे, पण फायदा आडवाटेने होतो. मायनरचे पाच-सात कोर्स सहसा बरेचसे त्या विद्यापीठातच करावे लागतात. आधीच्या क्रेडिटमुळे इतर सक्तीचे विषय सुटतात आणि इंजिनिअरिंगबरोबर संगीत किंवा अर्थशास्त्र शिकायला वेळापत्रकात जागा होते.

खर्चावरून निवड करू नका. एपी परीक्षेला साधारण शंभर डॉलर लागतात. कॅलिफोर्नियात कॉलेजची फी युनिटमागे (कोर्स मोजायच्या एककामागे) ४६ डॉलर आहे, आणि हायस्कूलच्या मुलांना ती बहुतेकदा माफ असते. पुस्तकं आणि ये-जा मात्र तुमच्याकडे.

माझं मत विचाराल, तर शाळेत जो विषय चांगला शिकवतात त्याचं एपी घ्यावं आणि शाळेत जो विषयच नाही त्यासाठी कॉलेज गाठावं. दहावीतच कॅल्क्युलस बीसी संपवलेल्या मुलीला पुढचं लिनिअर अल्जिब्रा बहुतेक शाळांत मिळत नाही, कॉलेजात मिळतं. पहिला कोर्स एकच, आवडीच्या विषयाचा असावा. उन्हाळ्यात घेणार असाल तर कमी आठवड्यांत तेवढाच अभ्यास उरकावा लागतो हे लक्षात ठेवा. कॉलेजच्या फॉर्मवर शाळेच्या काउन्सेलरची सही लागते आणि नोंदणीत हायस्कूलच्या मुलांचा नंबर शेवटी लागतो, म्हणून एका कोर्सला पर्यायी दोन हाताशी ठेवा. एपीची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आटपावी लागते.